काँक्रिटच्या युगाचा पाथरवट

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात २८ ऑगस्ट १९०१ रोजी एक इमारत कोसळली. शहराच्या मध्यवस्तीत हॉटेलसाठी उभारल्या जाणाऱ्या या वास्तूत तोवर एकही पाहुणा उतरलेला नव्हता. तिचे मजले चढले होते, पण काम संपायचे होते आणि आत होते ते केवळ कामगार. त्यांतील काहींना आपले प्राण गमवावे लागले. भूकंप, वादळ किंवा आग यांपैकी कोणतेही निमित्त या दुर्घटनेमागे नव्हते. ज्या इमारतीने पुढे शंभर वर्षे उभे राहावे अशी अपेक्षा होती, ती स्वतःचा भारही पेलू शकली नाही.

या इमारतीचा सांगाडा ज्या पद्धतीने उभारला जात होता, तिला त्या काळी युरोपभर एकाच माणसाच्या नावाने ओळखले जाई. फ्रांस्वा हेनेबिक हे ते नाव. मुंबई-पुण्यातील सदनिकेत राहणाऱ्या वाचकाने हे नाव कदाचित ऐकलेले नसेल. परंतु त्याच्या डोक्यावरचा स्लॅब, त्या स्लॅबखालची तुळई आणि तुळईखालचा खांब ज्या रीतीने एकमेकांत गुंफलेले असतात, त्या रचनेला व्यवहारात रूढ करण्याचे श्रेय मुख्यत्वे याच फ्रेंच कंत्राटदाराकडे जाते. हेनेबिक यांच्या यशाची कहाणी अनेकदा सांगितली गेली आहे. मात्र बाझलमधील त्या दिवसावाचून ती अपुरी राहते. काँक्रिटची इमारत पुरी झाल्यावर किती भक्कम असेल हे हेनेबिक यांनी जगाला पटवून दिले. ती पुरी होईपर्यंत किती नाजूक असते, हे जगाला त्यांच्याच नावावरील एका अपघाताने शिकवले.

दगडकामाची शाळा

हेनेबिक यांचा जन्म एप्रिल १८४२ मध्ये उत्तर फ्रान्समधील आरास शहराजवळच्या नव्हिल-सँ-व्हास्त या गावी झाला. अभियांत्रिकी महाविद्यालयाची पायरी ते कधी चढले नाहीत. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी दगड घडवण्याच्या कामात उमेदवारी सुरू केली. जुन्या चर्चच्या दुरुस्तीची कामे त्या काळी उत्तर फ्रान्स व बेल्जियममध्ये मोठ्या प्रमाणावर निघत असत. अशा कामांवर पाथरवट म्हणून लागलेले हेनेबिक आपल्या हुशारीच्या जोरावर लवकरच कामावरचे मुख्य मुकादम झाले. १८६७ पासून त्यांनी स्वतंत्रपणे कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. पुढील पंचवीस वर्षे त्यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने बेल्जियम हेच होते.

दगडी बांधकामाच्या या शिक्षणाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. दगडी कमान बांधताना तिच्याखाली लाकडी साचा उभारावा लागतो. माथ्याचा शेवटचा दगड बसेपर्यंत कमानीचा सारा भार हा साचाच वाहत असतो. तो काढून घेण्याचा दिवस हा कारागिरांच्या दृष्टीने परीक्षेचा दिवस. कमान उभी राहिली तर काम पास, अन्यथा महिन्यांची मेहनत आणि खाली उभी असलेली माणसे दोन्ही धोक्यात. ज्याला आज आपल्याकडे बांधकामावर सेंट्रिंग म्हणतात, त्या आधाराची किंमत हेनेबिक तरुणपणीच शिकले होते. पुढे त्यांच्या नावावर जे काही बरेवाईट घडले, त्याची मुळे या एका गोष्टीत शोधता येतात.

आगीतून आलेली कल्पना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या, गोदामे आणि मोठी घरे यांत लाकडाऐवजी लोखंडी तुळया वापरण्याची पद्धत रुळली होती. लोखंड जळत नाही, म्हणून ते आगीत सुरक्षित, असा समज होता. प्रत्यक्षात तापमान साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की उघड्या लोखंडाची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. तुळया मऊ पडून वाकतात आणि वरचे मजले खाली येतात. कापसाच्या आणि सुताच्या गिरण्यांत लागणाऱ्या आगींनी हे वारंवार सिद्ध केले होते.

१८७९ मध्ये बेल्जियमच्या किनाऱ्यावरील लोंबार्टसाइड येथे एका घराचे काम करताना हेनेबिक यांनी लोखंडाला आगीपासून वाचवण्यासाठी त्याभोवती काँक्रिटचे आवरण घातले. काम करता करता त्यांच्या लक्षात आले, की काँक्रिट हे लोखंडाचे केवळ पांघरूण नाही. दोघे मिळून भार उचलू शकतात. मग सबंध लोखंडी तुळई खर्ची घालण्याचे कारण काय? तुळईवर वजन आले की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब सोसण्यात काँक्रिट दगडासारखेच पक्के. ताण मात्र त्याला सोसत नाही. तेव्हा जेथे ताण आहे तेवढ्याच जागी लोखंडाच्या सळया घातल्या की पुरे. लोखंड कमी लागेल, खर्च वाचेल आणि आगीचे भयही राहणार नाही.

लोखंड आणि सिमेंट एकत्र करणारे हेनेबिक हे पहिले नव्हेत. फ्रान्समधील झोझेफ मोनिये या माळीकाम करणाऱ्या गृहस्थाने झाडांच्या कुंड्यांसाठी १८६७ मध्येच पेटंट घेतले होते. जर्मनीत त्याच मोनियेच्या पद्धतीवर अभियंत्यांनी गणिताचे संस्कार केले होते. हेनेबिक यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी कुंड्या, टाक्या आणि सुटे स्लॅब यांच्या पलीकडे जाऊन सबंध इमारतीचा विचार केला. दीर्घ प्रयोगांनंतर त्यांनी १८९२ मध्ये बेल्जियम आणि फ्रान्समध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तुळईच्या तळाशी सळया, त्यांतील काही सळया खांबाजवळ वर वाकवलेल्या, आणि त्या साऱ्यांना वरच्या काँक्रिटशी बांधून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कड्या अशी ही रचना होती. आजच्या बांधकामावर ज्यांना रिंगा म्हणतात, त्यांची ही पूर्वज. खांब, तुळई आणि स्लॅब हे तिन्ही घटक एकसंध ओतले जात. सांधा असा उरतच नसे. सारी इमारत म्हणजे जणू एकाच दगडात कोरलेले लेणे.

कचेरी पॅरिसमध्ये, काम जगभर

पेटंट मिळताच हेनेबिक यांनी एक धाडसी निर्णय घेतला. स्वतः कंत्राटे घेणे त्यांनी थांबवले आणि पॅरिसला कचेरी थाटली. तेव्हा त्यांचे वय पन्नास होते. या कचेरीत इमारतींचे आराखडे आणि हिशेब तयार होत. प्रत्यक्ष बांधकाम मात्र परवाना दिलेले स्थानिक कंत्राटदार करीत आणि त्यासाठी मोबदला देत. देशोदेशी नेमलेले प्रतिनिधी कामे मिळवत, मोजमापे पाठवत आणि पॅरिसहून आलेले नकाशे कंत्राटदारांच्या हाती सोपवत. आज ज्याला आपण सल्लागार अभियंत्याची संस्था म्हणतो, तिचे हे आरंभीचे आणि अतिशय यशस्वी रूप होते.

व्यवसायाचा प्रसार थक्क करणारा होता. फ्रान्समधील तुर्क्वें व रुबे परिसरातील सूतगिरण्या, स्वित्झर्लंडमधील व्हिगेन येथील १८९४ चा पूल, इंग्लंड-वेल्समध्ये लुई गुस्ताव्ह मूशेल या प्रतिनिधीने स्वान्सी येथे १८९७ मध्ये उभारलेली वीव्हर कंपनीची पिठाची गिरणी अशी कामे झपाट्याने होत गेली. १८९८ पासून हेनेबिक यांनी आपल्या पद्धतीच्या प्रसारासाठी स्वतंत्र मासिक सुरू केले. त्यात पूर्ण झालेल्या कामांच्या याद्या आणि छायाचित्रे छापली जात. प्रतिनिधी व कंत्राटदारांची संमेलने भरत. १८९२ नंतरच्या दहा वर्षांत या पद्धतीने सात हजारांहून अधिक कामे झाली. पॅरिसमधील रू दांताँ या रस्त्यावर १९०० साली उभी राहिलेली संस्थेची मुख्य कचेरीही काँक्रिटचीच होती. ती इमारत आजही तेथे आहे.

हेनेबिक यांचा भर पुस्तकी सिद्धांतापेक्षा प्रत्यक्ष चाचणीवर होता. काम ग्राहकाच्या ताब्यात देण्यापूर्वी त्यावर वजन ठेवून ते किती वाकते हे मोजून दाखवण्याचा त्यांचा परिपाठ होता. शातेलरो येथे व्हिएन नदीवर बांधलेला तीन कमानींचा पूल हे त्याचे ठळक उदाहरण. मधली कमान ५० मीटरची आणि दोन्ही बाजूंच्या ४० मीटरच्या, असा हा पूल त्या काळी अद्भुत वाटावा इतका सडपातळ होता. त्यावरून रस्ता दाबणारे वाफेचे रोलर फिरवण्यात आले, सैनिकांची तुकडी पावले आपटत नेण्यात आली. पूल जागचा हलला नाही. अशा प्रयोगांनी सामान्य माणसाचा विश्वास बसला नसता तरच नवल.

मात्र या व्यवस्थेत एक फट होती. चाचणी होत असे ती काम पुरे झाल्यावर. आराखडा तपासला जाई तो काम सुरू होण्यापूर्वी. या दोन टोकांच्या मधला काळ, म्हणजे वाळू चाळण्यापासून टेकू काढण्यापर्यंतचे आठवडे, हा पॅरिसच्या कचेरीपासून शेकडो मैल दूर असलेल्या मुकादमाच्या हाती होता.

ओल्या काँक्रिटचे ओझे

या मधल्या काळात नेमके काय घडते, हे समजून घेतल्याखेरीज बाझलच्या दुर्घटनेचा अर्थ लागत नाही. पोलादी सळई कारखान्यातून येते तेव्हाच तिची ताकद तिच्यात असते. दगडही खाणीतून येताना आपले बळ घेऊनच येतो. काँक्रिटचे तसे नाही. ते ओतले जाते तेव्हा त्याचे वजन पूर्ण असते आणि ताकद शून्य. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया सुरू झाली की ते प्रथम घट्ट होते आणि मग दिवसागणिक बळकट होत जाते. नेहमीच्या सिमेंटचे काँक्रिट सात दिवसांत आपल्या अपेक्षित ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत पोहोचते. अपेक्षित ताकद मोजली जाते ती अठ्ठाविसाव्या दिवशी. थंडीत हा वेग मंदावतो. पाणी नीट मारले नाही तर ताकद येण्याची क्रियाच अर्धवट राहते. वाळूत माती असेल तर सिमेंट खडीला धरत नाही. पाणी जास्त घातले तर ओतायला सोपे जाते, पण पुढे काँक्रिट पोकळ आणि कमजोर राहते.

वजनाचा हिशेब आणखी बोलका आहे. सळया घातलेल्या काँक्रिटचे वजन घनमीटरला सुमारे अडीच हजार किलो भरते. १५ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब घेतला, तर प्रत्येक चौरस मीटरला ३७५ किलो होतात. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसे आणि सामान यांसाठी धरला जाणारा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. याचा अर्थ असा, की वरचा मजला भरला जात असताना त्याचे ओले ओझे टेकूंवाटे खालच्या मजल्यावर उतरते आणि ते त्या मजल्याने आयुष्यभर सोसावयाच्या सामानसुमानाच्या भारापेक्षा जवळजवळ दुप्पट असते. शिवाय तो खालचा मजला तेव्हा अवघ्या एक-दोन आठवड्यांचा असतो. म्हणूनच एकाखाली एक असे अनेक मजल्यांचे टेकू जागेवर ठेवावे लागतात. एखाद्या मजल्याचे टेकू घाईने काढले, तर इमारतीला तिच्या पुढच्या आयुष्यात कधी येणार नाही असा भार तिच्या सर्वांत कोवळ्या वयात सोसावा लागतो.

हेनेबिक यांच्या एकसंध रचनेची गंमत आणि गोम येथेच आहे. पूर्ण झालेल्या इमारतीत एखादा भाग दुबळा निघाला तर शेजारचे खांब व तुळया त्याचा भार वाटून घेतात. पण सारेच भाग कच्चे असताना हीच एकसंधता उलटते. एक खांब खचला की तो एकटा जात नाही. आपल्याबरोबर तुळई, स्लॅब आणि खालचे मजले घेऊन जातो.

पॅरिस आणि बाझल

नव्या शतकाच्या स्वागतासाठी १९०० साली पॅरिसमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरले. तेथील अनेक वास्तूंत हेनेबिक यांचे काँक्रिट वापरले गेले होते. मात्र प्रदर्शनाचे दरवाजे उघडून पंधरवडा होतो न होतो तोच, २९ एप्रिल रोजी, खगोलाच्या प्रचंड गोलाकडे नेणारा नवा पादचारी पूल कोसळला आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. हा पूल हेनेबिक यांच्या पद्धतीचा नव्हता. दुसऱ्याच एका संशोधकाची ती रचना होती. तथापि लोकांच्या दृष्टीने काँक्रिट ते काँक्रिट. फ्रेंच सरकारने त्याच वर्षी या नव्या साहित्याचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमला.

सव्वा वर्षाने बाझल घडले आणि या वेळी नाव हेनेबिक पद्धतीचेच होते. चौकशीचे काम ज्यांच्याकडे सोपवण्यात आले, त्या तज्ज्ञांत झुरिकच्या तंत्रविद्यालयातील प्राध्यापक विल्हेल्म रिटर होते. हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८९९ मध्ये, याच रिटर यांनी हेनेबिक पद्धतीची तुळई भार कसा वाहते याचे शास्त्रीय विवरण प्रसिद्ध केले होते. तुळईतील रिंगा व काँक्रिट मिळून एखाद्या लोखंडी कैचीप्रमाणे काम करतात, हे त्यांनी मांडलेले सूत्र आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. ज्यांनी या पद्धतीला शास्त्राचा आधार मिळवून दिला, त्यांनाच तिच्या ढिगाऱ्याची तपासणी करावी लागली.

तज्ज्ञांच्या तपासणीतून पुढे आलेले चित्र एका दोषाचे नव्हते. आराखड्यात उणिवा होत्या. वाळू आणि खडी यांचा दर्जा राखला गेला नव्हता. कामाच्या क्रमात आणि आधार काढण्यात पुरेशी सावधगिरी नव्हती. आणि या साऱ्यावर लक्ष ठेवणारी देखरेख तोकडी होती. यांतील एकेक चूक कदाचित इमारतीने पचवली असती. त्या एकत्र आल्या तेव्हा तिच्यापाशी पचवण्याजोगे बळच नव्हते, कारण ती अद्याप तयार होत होती. पद्धत चुकीची ठरली नाही; ती ज्या विश्वासावर चालत होती तो विश्वास अपुरा ठरला.

तोपर्यंत काँक्रिटच्या कामाची हमी म्हणजे पेटंटधारकाचे नाव, अशी स्थिती होती. हिशेबाची रीत ही व्यापारी गुपित मानली जाई. बांधकाम मंजूर करणाऱ्या नगर अभियंत्याला ती तपासण्याचे साधन नसे. बाझलनंतर हे चालू देणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये अभियंते व वास्तुविशारदांच्या संघटनेने १९०३ मध्ये काँक्रिट बांधकामाचे हंगामी नियम जाहीर केले. जर्मनीत १९०४ मध्ये असे नियम आले. फ्रान्समध्ये १९०० च्या आयोगाच्या अभ्यासातून ऑक्टोबर १९०६ मध्ये सरकारी परिपत्रक निघाले. साहित्याची चाचणी, हिशेबाची जाहीर रीत, परवानगीयोग्य भार आणि साचे काढण्याबाबतची दक्षता या गोष्टी आता कुणा एकाच्या मर्जीवर राहिल्या नाहीत.

हेनेबिक यांना हा बदल फारसा रुचला नाही. सिद्धांतवाद्यांविषयी त्यांना आरंभापासूनच अढी होती. काम जाणणारे कुशल कंत्राटदार आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी अनुभवी कचेरी हीच खरी हमी, अशी त्यांची धारणा होती. सरकारी नियमांच्या चौकटीमुळे अर्धवट जाणकारही काँक्रिटच्या धंद्यात उतरतील, ही त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. नियमांचे पुस्तक हाती असणे म्हणजे काम येणे नव्हे, हे त्यांच्यातल्या पाथरवटाला ठाऊक होते. पण सात हजार कामांवर एका कचेरीची नजर पुरत नाही, हे बाझलने दाखवून दिले होते आणि त्याला त्यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

उत्तरायुष्य

अपघाताने हेनेबिक यांचा व्यवसाय मोडला नाही. पॅरिसजवळील बूर-ला-रेन येथे त्यांनी स्वतःसाठी बांधलेले घर म्हणजे काँक्रिटच्या सामर्थ्याचे जणू प्रदर्शनच होते. गच्चीवरील बाग, भिंतीबाहेर अधांतरी झुकलेले भाग आणि पाण्याची टाकी पेलणारा उंच मनोरा असे सारे त्यात होते. हे घर आज फ्रान्समध्ये संरक्षित वास्तू म्हणून जपले जाते. ट्युनिस येथे त्यांच्या पद्धतीने बांधलेली धान्याची कोठारे जमीन मऊ निघाल्याने एका बाजूस कलली, तेव्हा सांगाडा न तुटता सबंध वास्तू पुन्हा सरळ करण्यात आली. एकसंध रचनेच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणता?

१९०९ च्या सुमारास त्यांच्या संस्थेच्या ६२ कचेऱ्या होत्या. त्यांपैकी ४३ युरोपात, १२ अमेरिकेत आणि उरलेल्या आशिया व आफ्रिकेत होत्या. एकूण कामांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली होती. १९११ मध्ये इटलीच्या एकीकरणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रोममध्ये तिबेर नदीवर उभा राहिलेला रिसॉर्जिमेंतो पूल हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. १०० मीटरची एकच चपटी कमान नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली आहे. त्याच वर्षी लिव्हरपूल बंदरावर, त्यांच्या पद्धतीने सांगाडा बांधलेली रॉयल लिव्हर ही उत्तुंग इमारत पूर्ण झाली. दोन्ही वास्तू आजही वापरात आहेत.

पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्सची राखरांगोळी झाली. हेनेबिक यांचे जन्मगाव नव्हिल-सँ-व्हास्त १९१५ च्या लढायांत जमीनदोस्त झाले. युद्धानंतर काँक्रिट कोणा एकाच्या मालकीचे राहिले नव्हते. विद्यापीठांत ते शिकवले जात होते, नियमांच्या पुस्तकांत त्याची सूत्रे छापली जात होती. मार्च १९२१ मध्ये हेनेबिक यांचे निधन झाले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. त्यांची संस्था पुढे १९६७ पर्यंत चालली. तिच्या हजारो नकाशांचा, हिशेबांचा आणि छायाचित्रांचा संग्रह आज पॅरिसमधील वास्तुकला संग्रहालयाच्या संस्थेत अभ्यासकांसाठी खुला आहे.

नियम आहेत, पण...

बाझलनंतर युरोपात सुरू झालेली नियमांची परंपरा भारतातही आली. काँक्रिट बांधकामासाठी भारतीय मानक आयएस ४५६ प्रथम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत आधार कधी काढावेत याचे दिवस स्पष्ट दिले आहेत. साधे पोर्टलँड सिमेंट आणि पंधरा अंशांहून कमी नसलेले तापमान गृहीत धरून, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालील टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालील १४ दिवस ठेवावेत, असे ते सांगते. तुळईसाठी सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस अशी मुदत आहे. खांबाच्या बाजूच्या फळ्या मात्र सोळा ते चोवीस तासांनंतर काढता येतात, कारण त्या भार वाहत नसतात. हे कोष्टक अर्ध्या पानाचेही नाही. पण त्यातील प्रत्येक आकड्यामागे कुठे तरी कोसळलेला एखादा मजला आहे.

प्रश्न कोष्टकाचा नाही, ते पाळण्याचा आहे. सेंट्रिंगचे सामान भाड्याने येते आणि जितके दिवस ते जागेवर राहील तितके भाडे चढते. पुढचा स्लॅब लवकर भरला तर ग्राहकांकडून पुढचा हप्ता लवकर मिळतो. घाईची किंमत मात्र ज्यांच्या हाती हा हिशेब नसतो ते चुकवतात. ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याजवळील शीळफाटा परिसरात ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम सुरू असलेली बहुमजली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जणांचा बळी गेला. मृतांत वरच्या मजल्यांवर काम करणारे मजूर होते, तसेच खालच्या मजल्यांवर आधीच राहायला आलेली कुटुंबे आणि मुलेही होती. बाझलमध्ये निदान इमारत पुरी होण्याआधी तिच्यात कोणाला राहायला आणले गेले नव्हते. ११२ वर्षांनंतर, सारे नियम लिहून झाल्यावर, तेवढीही काळजी येथे घेतली गेली नाही.

हेनेबिक यांनी आयुष्यभर दोन गोष्टींवर विश्वास ठेवला: कामावरच्या माणसाचे कौशल्य आणि त्याच्यावरची जाणती देखरेख. नियमांच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला आणि काळाने ती चूक दुरुस्त केली. पण त्यांचा मूळ विश्वास खोटा ठरलेला नाही. नियमाच्या पुस्तकातील आकडा प्रत्यक्षात येतो तो स्लॅबखाली उभ्या असलेल्या एखाद्या मुकादमाच्या निर्णयातून. कालच भरलेल्या स्लॅबवर पाणी मारले जाते आहे का, खालचा टेकू अजून जागेवर आहे का, आणि तो काढण्याचा हुकूम देणाऱ्याने तारीख पाहिली आहे का, या साध्या प्रश्नांवर आजही प्रत्येक नव्या इमारतीचे आणि तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसांचे भवितव्य ठरते.